विद्यार्थिनी आणि पत्रकारितेतलं करिअर : दृष्टिकोनाचा अभ्यास करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पत्रकारितेच्या लघुप्रबंधासाठी हा विषय पुन्हा पुन्हा निवडला जातो. उत्तरं देणाऱ्या मुली वर्गातच बसलेल्या असतात, त्यामुळे तो सोपाही वाटतो. पण बरेच प्रबंध 'बहुसंख्य विद्यार्थिनींना पत्रकारिता आवडते' इथवर येऊन थांबतात. एखादं क्षेत्र आवडतं, तरीही मुलगी तिकडे जात नाही. असं का होतं, हे शोधायला खरं तर हा अभ्यास हाती घ्यायचा असतो. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी वारंवार पाठवलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

## सुरुवात करताना

१. 'पत्रकारिता आवडते का?' एवढं विचारून दृष्टिकोन कळणार नाही का?

नाही कळणार. मानसशास्त्रात अभिवृत्तीचे, म्हणजे दृष्टिकोनाचे, तीन भाग मानतात : त्या गोष्टीबद्दल काय समजतं, काय वाटतं आणि प्रत्यक्षात काय करण्याकडे कल आहे. एखादी विद्यार्थिनी पत्रकारितेला लोकशाहीचा आधार मानते, तिला बातमी लिहायलाही आवडतं, पण पदवीनंतर अर्ज मात्र ती बँकेच्या परीक्षेचा भरते. एकाच प्रश्नात हे तिन्ही कोंबले तर नेमका हा दुवा हातातून निसटतो.

मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये सविस्तर मांडलेला नियोजित वर्तनाचा सिद्धांत या विषयाला चांगला लागू पडतो. माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो, असं तो सांगतो : स्वतःचा दृष्टिकोन, जवळच्या माणसांची अपेक्षा आणि 'हे मला जमेल, माझ्या हातात आहे' ही भावना. मुलींच्या करिअरचा अभ्यास करताना दुसरी आणि तिसरी गोष्ट वगळली तर उरलेल्या माहितीतून फारसं काही हाती लागत नाही.

२. पत्रकारितेच्या वर्गात मुलीच जास्त दिसतात. मग प्रश्न उरला कुठे?

प्रश्न वर्गाबाहेर पडल्यावर सुरू होतो. रॉयटर्स इन्स्टिट्यूटने २०२४ मध्ये १२ देशांतल्या २४० माध्यमसंस्था पाहिल्या. त्या देशांत सरासरी ४०% पत्रकार स्त्रिया होत्या, पण सर्वोच्च संपादकपदांवर स्त्रियांचं प्रमाण २४% होतं. इंटरनॅशनल विमेन्स मीडिया फाउंडेशनच्या २०११ च्या अहवालात ५९ देशांतल्या ५२२ कंपन्यांची पाहणी होती. तिथे सर्वोच्च व्यवस्थापनातली ७३% पदं पुरुषांकडे होती. बातमीच्या मजकुरातही हेच चित्र आहे. ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्टनुसार, बातम्यांत ज्यांच्याबद्दल लिहिलं जातं किंवा ज्यांचं म्हणणं घेतलं जातं अशा व्यक्तींमध्ये स्त्रिया १९९५ मध्ये १७% होत्या आणि २०२० मध्ये २५%.

विद्यार्थिनी हे सगळं पाहत असतात. संपादकाच्या खुर्चीवर कोण बसतं, रात्रपाळी कुणाला मिळते, राजकारणाची बातमीदारी कुणाकडे जाते आणि पुरवणीचं पान कुणाकडे, याची नोंद त्या घेतात. म्हणून त्यांच्या दृष्टिकोनाला निव्वळ मनाचा कल समजू नका. समोरच्या परिस्थितीचा त्यांनी लावलेला अंदाजही त्यात असतो, आणि तो अंदाज बऱ्याचदा अचूक असतो.

३. फक्त पत्रकारितेच्या विद्यार्थिनींना विचारावं की इतर शाखांच्याही?

प्रश्न काय आहे त्यावर हे ठरतं. 'मुली पत्रकारिता का निवडत नाहीत' हे शोधायचं असेल तर पत्रकारितेच्या वर्गात जाऊन उपयोग नाही, कारण तिथल्या मुलींनी ती निवडलेली आहे. त्यासाठी भाषा, समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा वाणिज्य शाखांत जा. 'शिकूनही त्या क्षेत्रात का येत नाहीत' हा प्रश्न असेल तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थिनी हव्यात. दोन्ही प्रश्न एकाच लघुप्रबंधात घेऊ नका. वेळ पुरत नाही आणि दोन्हींची उत्तरं अर्धवट राहतात.

४. उद्दिष्टं किती असावीत?

तीन किंवा चार. प्रत्येक उद्दिष्टासमोर प्रश्नावलीतली कोणती विधानं त्याचं उत्तर देणार, त्यांचे क्रमांक लिहा. ज्या उद्दिष्टासमोर क्रमांक येत नाही ते काढून टाका. जे विधान कुठल्याच उद्दिष्टाखाली बसत नाही तेही काढा.

५. नमुना किती मोठा घ्यायचा?

एकूण विद्यार्थिनींची संख्या माहीत असेल तर यामाने यांचं सूत्र वापरतात. एकूण संख्येला चुकीच्या मर्यादेच्या (नमुन्यातलं उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर असलं तरी चालेल, त्या आकड्याच्या) वर्गाने गुणा, त्यात १ मिळवा आणि एकूण संख्येला या बेरजेने भागा. चुकीची मर्यादा ५% म्हणजे ०.०५ धरली तर तिचा वर्ग ०.००२५ येतो. विद्यार्थिनी २४० असतील तर २४० भागिले १.६, म्हणजे नमुना १५०. विद्यार्थिनी ६०० असतील तर ६०० भागिले २.५, म्हणजे २४०.

हे १५० जण वर्षांच्या प्रमाणात वाटून घ्या. तीन वर्षांत अनुक्रमे ९६, ८० आणि ६४ विद्यार्थिनी असतील तर ६०, ५० आणि ४० जणींना निवडा. हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाका किंवा यादृच्छिक आकडे वापरा. 'त्या दिवशी वर्गात होत्या त्या' असा नमुना घेतला तर नियमित येणाऱ्या, म्हणजेच क्षेत्राची ओढ जास्त असलेल्या मुली गरजेपेक्षा जास्त भरतात आणि दृष्टिकोन आहे त्याहून चांगला दिसतो. सगळ्यांकडून उत्तर येत नाही, म्हणून १५० उत्तरं हवी असतील तर साधारण २०० जणींपर्यंत पोचा. विभाग लहान असेल तर प्रश्न १६ पाहा.

## प्रश्नावली

६. विधानं किती आणि कशी लिहायची?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. साधारण २४ विधानं पुरतात. सहा गट करा, प्रत्येकात चार विधानं ठेवा. प्रत्येक गटातलं एक नमुन्यादाखल :

- क्षेत्राची प्रतिमा : 'पत्रकाराच्या कामामुळे लोकांच्या आयुष्यात फरक पडतो.'
- प्रत्यक्ष कामाची आवड : 'अनोळखी माणसाला फोन करून माहिती मिळवायला मला आवडतं.'
- स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास : 'पत्रकार परिषद संपल्यावर दोन तासांत मी ४०० शब्दांची बिनचूक बातमी देऊ शकते.'
- जवळच्यांची अपेक्षा : 'मी बातमीदार व्हावं असं माझ्या घरी निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला वाटतं.'
- परिस्थितीची अनुकूलता : 'रात्री उशिरा काम संपलं तरी सुखरूप घरी पोचण्याची सोय मला करता येईल.'
- इरादा : 'पदवीनंतर सहा महिन्यांत मी बातमीदार किंवा उपसंपादक पदासाठी अर्ज करणार आहे.'

यांतल्या शेवटच्या विधानात मुदत आहे, पद आहे आणि कृतीही आहे. 'मला भविष्यात पत्रकारितेत काम करायला आवडेल' या विधानाला जवळजवळ सगळ्याच 'सहमत' म्हणतात, मग त्यातून मुलींमधला फरक दिसत नाही. क्षमतेबद्दलचं विधानही ठरावीक कामाशी बांधलेलं हवं. 'माझ्यात आत्मविश्वास आहे' हे विधान स्वभाव मोजतं. बातमीदारी जमेल की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता टाळायची विधानं पाहू. 'पत्रकारिता हे प्रतिष्ठेचं आणि चांगल्या पगाराचं क्षेत्र आहे' यात दोन प्रश्न आहेत. प्रतिष्ठा मान्य पण पगार अमान्य असलेल्या मुलीने कुठे खूण करायची? 'महिलांना पत्रकारितेत समान संधी मिळायला हवी' याला नकार देणारी सापडणं कठीण, म्हणून ते निरुपयोगी. 'पत्रकारिता मुलींसाठी सुरक्षित नाही असं मला वाटत नाही' यात दोन नकार आहेत, घाईत उत्तर उलटं पडतं. आणि 'पत्रकारिता' हा शब्द एकटा सोडू नका. एकीच्या डोळ्यांसमोर वाहिनीची निवेदिका असते, दुसरीच्या डोळ्यांसमोर न्यायालयाची बातमीदार, तिसरीच्या मनात स्वतःची यूट्यूब वाहिनी. प्रश्नावलीच्या सुरुवातीलाच दोन ओळींत व्याख्या द्या.

पक्की करण्याआधी नमुन्यात नसलेल्या २५ ते ३० जणींकडून प्रश्नावली भरून घ्या. त्यांतल्या चार-पाच जणींना शेजारी बसवून 'या वाक्याचा तुम्ही काय अर्थ घेतला?' असं विचारा. अर्ध्या तासात निम्मे दोष सापडतात.

७. श्रेणी ५ बिंदूंची की ७? 'सांगता येत नाही' ठेवावं का?

रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली ५ बिंदूंची श्रेणी ('पूर्ण असहमत'ला १ पासून 'पूर्ण सहमत'ला ५ पर्यंत गुण) या कामाला पुरेशी आहे. मधला बिंदू ठेवा. काही विद्यार्थिनींचं मत खरोखरच बनलेलं नसतं आणि ते कळणंही महत्त्वाचं आहे. मात्र 'तटस्थ' आणि 'माहिती नाही' हे वेगळे पर्याय द्या. पहिल्या वर्षाच्या मुलीला उपसंपादकाचा पगार माहीतच नसतो, तिला तटस्थ म्हणणं चुकीचं ठरेल.

८. घरच्यांचा विरोध कसा विचारायचा? सरळ विचारलं तर सगळ्या 'नाही' म्हणतात.

कारण 'विरोध' म्हटलं की घरच्यांची तक्रार केल्यासारखं वाटतं. शिवाय बहुतेक घरांत सरसकट विरोध नसतोही, असतात त्या अटी. म्हणून प्रसंग देऊन विचारा : घरी मोकळेपणाने होकार मिळेल, समजवावं लागेल की होकार मिळणार नाही? प्रसंग असे घ्या : दिवसपाळीत डेस्कवरचं काम, रात्रपाळी, गुन्हेगारी वार्तांकन, एकटीने दुसऱ्या गावी दोन दिवसांचा दौरा, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहणं, कॅमेऱ्यासमोर येणं. होकार नेमका कुठे थांबतो हे यातून दिसतं. डेस्कला होकार आणि दौऱ्याला नकार असेल, तर ती मुलगी पत्रकारितेत येईलही, पण बातमीदार होणार नाही. पुढच्या बढत्यांवरही त्याचा परिणाम होतो.

निर्णय घरात कोण घेतं हेही विचारा आणि 'मी स्वतः' हा पर्याय यादीत सगळ्यात वर ठेवा.

९. छळ आणि ऑनलाइन त्रास याबद्दल विचारणं योग्य आहे का?

योग्य आहे, आणि टाळलं तर अभ्यास अपुरा राहतो. युनेस्को आणि इंटरनॅशनल सेंटर फॉर जर्नलिस्ट्स यांच्या २०२० मधल्या सर्वेक्षणात, उत्तर देणाऱ्या महिला पत्रकारांपैकी ७३% जणींनी कामाच्या संदर्भात ऑनलाइन हिंसा अनुभवल्याचं सांगितलं. विद्यार्थिनींच्या निर्णयात या भीतीला जागा असणारच.

तीन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवा : याबद्दल ऐकलंय का, याची भीती वाटते का आणि स्वतः अनुभवलंय का. अनुभवाचा प्रश्न ऐच्छिक ठेवा, तपशील मागू नका, 'उत्तर द्यायचं नाही' हा पर्याय द्या. मोकळ्या उत्तरात कुणाचं नाव लिहू नये अशी सूचना तिथेच छापा, आणि तरीही नाव आलं तर नोंदी भरताना ते काढा. त्याच पानावर संस्थेच्या तक्रार समितीचा आणि समुपदेशकाचा संपर्क असावा. हा भाग प्रश्नावलीच्या मध्याच्या पुढे घ्या. सुरुवातीलाच घेतला तर नंतरच्या सगळ्या उत्तरांवर त्याची छाया पडते, आणि अगदी शेवटी ठेवला तर मुलगी तोच विचार मनात घेऊन उठते.

१०. अल्फा फारच कमी आला. विधानं काढून टाकू का?

अल्फा म्हणजे एका गटातली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते दाखवणारा आकडा. तो कमी आला तर आधी उलटी विधानं तपासा. 'बातमीदारीसाठी लागणारा धीटपणा माझ्यात कमी आहे' अशा विधानाचे गुण उलटवावे लागतात : ५ बिंदूंच्या श्रेणीत ६ मधून मिळालेला गुण वजा करायचा. हे राहून गेलं की क्रॉनबाखचा अल्फा कोसळतो, क्वचित ऋणही येतो. दुसरी चूक म्हणजे सगळ्या २४ विधानांचा एकच अल्फा काढणं. क्षेत्राची प्रतिमा आणि घरची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत, प्रत्येक गटाचा अल्फा वेगळा काढा. ०.७० च्या आसपास चालतो. ०.९५ च्या वर गेला तर तेच विधान शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारलं गेलं आहे असं समजा. एवढं करूनही एखादं विधान गटात बसत नसेल तर ते काढा आणि का काढलं ते प्रबंधात लिहा.

११. गूगल फॉर्म पाठवला तर चालेल?

चालेल, पण लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नका. ती पुढे जाते, कुणीही भरतं आणि नमुन्याची निवड वाया जाते. निवडलेल्या प्रत्येकीला वेगळी पाठवा. ई-मेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा. कागदावर भरून घेणार असाल तर शिक्षकांनी वर्गात थांबू नये. ज्यांच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्यांच्यासमोर 'मला हे क्षेत्र नको' असं कोण लिहील? भरलेले कागद बंद पेटीत टाकायला सांगा. १८ वर्षांखालच्या विद्यार्थिनी असतील तर पालकांची संमतीही घ्यावी लागते.

## आकड्यांचा अर्थ लावताना

१२. सरासरी ३.८ आली. 'दृष्टिकोन सकारात्मक आहे' असं लिहू का?

फक्त तेवढंच लिहू नका. २४ विधानांची मिळून एकच सरासरी काढली की क्षेत्राच्या प्रतिमेचे ४.५ आणि परिस्थितीच्या अनुकूलतेचे २.४ एकमेकांत मिसळून जातात, आणि सांगण्यासारखं जे होतं तेच पुसलं जातं. गटवार सरासरी द्या, सोबत प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून किती विखुरली आहेत ते) आणि प्रत्येक पर्यायाची टक्केवारी द्या. अर्ध्या मुली ५ वर आणि अर्ध्या १ वर असल्या तरी सरासरी ३ च येते. तिला 'तटस्थ' म्हटलं तर एकीचंही म्हणणं त्यात उतरत नाही.

१३. मुलांनाही विचारलं पाहिजे का?

'मुलींचा आत्मविश्वास कमी असतो' असं तुलनात्मक वाक्य लिहायचं असेल तर हो. मुलग्यांची उत्तरं हातात नसताना 'कमी' हा शब्द वापरता येत नाही. तुलना करताना टी-चाचणीच्या (दोन गटांच्या सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, ते तपासणाऱ्या चाचणीच्या) जोडीने परिणामाचं मापही, म्हणजे तो फरक किती मोठा आहे हेही, द्या. कोहेनच्या मापात ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा फरक मानतात. २० विधानांवर प्रत्येकी ५% पातळीवर चाचणी लावली तर निव्वळ योगायोगानेही एखाद्या विधानात फरक दिसणं अपेक्षित आहे, म्हणून चाचणी गटांच्या गुणांवर करा.

तुलना नको असेल तर मुलींमधलेच गट पाहा : इंटर्नशिप केलेल्या आणि न केलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या आणि घरून येणाऱ्या, ओळखीत एखादी महिला पत्रकार असलेल्या आणि नसलेल्या. आमच्या मते अशी तुलना अधिक फलदायी असते, कारण संस्थेने काय बदलावं ते तिच्यातून कळतं.

१४. पहिल्या वर्षाचे गुण जास्त, तिसऱ्याचे कमी. शिकताना आवड कमी होते, असं म्हणता येईल?

नाही, कारण या दोन वेगवेगळ्या मुलींच्या तुकड्या आहेत. त्यातच मधल्या काळात काहींनी अभ्यासक्रम सोडलेला असतो. बदल दाखवायचा असेल तर त्याच मुलींना दोनदा विचारावं लागतं. नाव न घेता जोडी जुळवण्यासाठी प्रत्येकीला स्वतःचा संकेत बनवायला सांगा, उदाहरणार्थ आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि जन्मतारखेचा दिवस. वर्षभर थांबणं शक्य नसेल तर इंटर्नशिपच्या आधी आणि नंतर, सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने विचारा. इंटर्नशिपमध्ये कल्पनेतल्या कामाची प्रत्यक्ष कामाशी गाठ पडते, म्हणून बदल दिसायचा असेल तर तिथे दिसण्याची शक्यता जास्त.

१५. बहुतेकींनी 'जनसंपर्क किंवा जाहिरात' सांगितलं. म्हणजे पत्रकारिता नको आहे?

तसा निष्कर्ष लगेच काढू नका. प्रश्न दोन पायऱ्यांत विचारा. आधी : 'पगार, वेळ आणि सुरक्षितता सगळीकडे सारखी असती तर कोणतं काम निवडलं असतं?' मग : 'आजच्या परिस्थितीत कोणतं निवडाल?' पहिल्यात बातमीदारी आणि दुसऱ्यात जनसंपर्क म्हणणाऱ्या मुली वेगळ्या मोजा. त्यांची ओढ शाबूत आहे, त्यांना अडवतात त्या कामाच्या अटी. दोन्हीकडे जनसंपर्कच म्हणणाऱ्यांनी मनापासून दुसरं क्षेत्र निवडलं आहे, त्यात काहीच गैर नाही. हा एक तक्ता संपूर्ण प्रबंधातला सर्वांत उपयोगी तक्ता ठरू शकतो.

## अडचणीचे आणि अपवादाचे

१६. आमच्या विभागात फक्त ३२ मुली आहेत. मग?

नमुना काढू नका, सगळ्यांना विचारा. आकड्यांवर मोठे दावे करू नका आणि मुलाखतींवर भर द्या. १२ ते १५ सखोल मुलाखती, किंवा ६ ते ८ जणींच्या दोन गटचर्चा, प्रत्येकी तास-दीड तास. एकाच वर्षाच्या मुलींचा गट करा, मिश्र गटात कनिष्ठ मुली गप्प राहतात. घरच्या अटी आणि छळ हे विषय गटात काढू नका, ते एकटीशी बोला. उद्धृतांत 'तृतीय वर्ष, वसतिगृह, माध्यम नियतकालिकाची संपादक' असं वर्णन दिलं तर नाव नसूनही ती मुलगी सगळ्यांना ओळखू येते. तक्त्यात पाचपेक्षा कमी जणींचा रकाना शेजारच्या रकान्यात मिळवा.

१७. इंग्रजीतली तयार मापनी (दृष्टिकोन मोजणारा विधानांचा संच) मराठीत आणता येईल का?

मूळ कर्त्याची परवानगी घेऊन आणता येईल. एकाने मराठीत आणावी, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत न्यावी, मग दोन्ही शेजारी ठेवून विसंगती काढाव्यात. त्यानंतरही प्रश्न ६ मधली पूर्वचाचणी आणि प्रश्न १० मधला अल्फा नव्याने करावाच लागतो. मूळ मापनीचा अल्फा तुमच्या प्रबंधात उसना घेता येत नाही.

१८. शिफारशींत 'मुलींनी आत्मविश्वास वाढवावा, पालकांचं प्रबोधन करावं' असं लिहिलं तर चालेल का?

तुमच्या आकड्यांतून ते निघत असेल तरच. परिस्थितीच्या अनुकूलतेचे गुण सर्वांत कमी आले आणि शिफारस मात्र आत्मविश्वास शिबिराची, हे आम्ही फार वेळा वाचलं आहे आणि ते त्या मुलींवर अन्याय करणारं आहे. रात्री वाहन नाही म्हणून बातमीदारी नाकारणाऱ्या मुलीला धीट व्हायला सांगून काय होणार? प्रत्येक शिफारशीत ती कुणी, काय आणि कधी करायची हे असू द्या. उदाहरणार्थ : इंटर्नशिपच्या करारात कामाची वेळ आणि परतीच्या वाहनाची जबाबदारी लिहावी, विद्यावेतन आधी कळवावं, तक्रार कुणाकडे करायची ते पहिल्या दिवशी लेखी द्यावं, दुसऱ्या सत्रात प्रत्येकीला किमान एक न्यायालयीन आणि एक राजकीय वार्तांकन मिळावं.

१९. गृहीतक (अभ्यासाआधी मांडलेला अंदाज) सिद्ध झालं नाही तर गुण जातात का?

पद्धत नीट असेल तर जाऊ नयेत. आकडे आल्यानंतर गृहीतक बदलणं मात्र गंभीर चूक आहे, परीक्षकाला ती बहुधा ओळखू येते.

२०. निष्कर्ष विद्यार्थिनींना दाखवायचे का?

हो, आणि प्रबंध बांधायला देण्याआधी. अर्ध्या तासाचं सादरीकरण ठेवा, गटवार आलेख दाखवा आणि 'हे तुम्हाला पटतं का, कुठे चुकतंय?' असं विचारा. त्यांनी सांगितलेल्या हरकती चर्चेच्या प्रकरणात घ्या. मोकळी उत्तरं पडद्यावर जशीच्या तशी दाखवू नका, भाषेवरूनही मैत्रिणी एकमेकींना ओळखतात. विभागप्रमुखांना द्यायच्या प्रतीतही तीच काळजी घ्या, आणि मूळ भरलेले कागद त्यांच्याकडे सुपूर्द करू नका.